पडत्या महिन्याचा हिशेब

(मंगळवेढा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'छोटा व्यवसाय कोणता निवडावा' हा. स्मृतिव्याख्यानाला संतांवर, इतिहासावर बोलायची आपली पद्धत आहे आणि दामाजीपंतांच्या, चोखोबांच्या, कान्होपात्रेच्या गावात तसं बोलायला विषयही थोडे नाहीत. तरी हा विषय दिला म्हणून मी संयोजकांचा आभारी आहे. आज या तालुक्यातल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला हाच विषय निघतो. दोन-चार एकर कोरडवाहू रान असतं. मुलगा पदवीधर, स्पर्धा परीक्षेत तीन-चार वर्षं घालवून परत आलेला. सून शिवणकाम शिकलेली. आजोबांच्या नावावर पतसंस्थेत थोडी ठेव. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: आता काय टाकायचं?

उत्तर बहुधा रस्त्यावरून येतं. अमक्याचं मोबाइलचं दुकान बरं चाललंय. तमक्याने चहाची गाडी लावली, उभं राहायला जागा नसते. मग आपणही तेच टाकतो. दोन वर्षांत एका गल्लीत तीच पाच दुकानं होतात आणि पाचही जण गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. यात मुलांची अक्कल कमी पडते असं मी मानत नाही. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. गर्दी रस्त्यावरून दिसते, उधारीची वही गल्ल्याखाली असते. लग्नसराईत भरलेलं कापडाचं दुकान सगळ्यांना दिसतं. तोच दुकानदार भाद्रपदात भाडं कुठून भरतो हे त्याच्या बायकोलाच ठाऊक असतं.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. धंदा निवडताना त्याची सुगी बघू नका, त्याचा पडता महिना बघा. प्रत्येक धंद्याला असा एक महिना असतो, कुणाला तीन-चार असतात. तो कोणता, त्या दिवसांत घर कशावर चालेल, आणि तो महिना थोडा सुसह्य करायची काही सोय आपल्या हातात आहे का, याची उत्तरं आधी मिळवावीत. ती मिळाली की निम्मे धंदे आपोआप गळतात. जे उरतात त्यांतला कुठलाही निवडला तरी तग धरायची आशा असते.

ही रीत मी बाहेरून आणलेली नाही. तुमच्या काळ्या रानातलीच आहे. इथला शेतकरी रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनातल्या ओलीवर पेरतो. नंतर पाऊस येईलच असा त्याचा भरवसा नसतो. जमिनीने धरलेल्या ओलाव्यावर आणि थंडीवर पीक निघेल एवढाच त्याचा आधार. दाणा कमी भरला तरी कडबा मिळेल आणि जनावर जगेल, हेही त्याने धरलेलं असतं. म्हणजे पीक निवडतानाच त्याने वाईट वर्षाचा विचार केलेला असतो. तोच माणूस बाजारपेठेत गाळा घेताना मात्र चांगल्या वर्षाचा हिशेब मांडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काही उदाहरणं.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पुढे त्याचं 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' झालं आणि त्या यशाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. माझं लक्ष मात्र पहिल्या पावसाळ्याकडे जातं. पापड उन्हात वाळतो. मुंबईत पाऊस लागला आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. कल्पना करा: नुकता कुठे हातात पैसा येऊ लागलेला आणि चार महिने काही नाही. बहुतेक घरगुती धंदे याच ठिकाणी संपतात. या बायकांनी दुसऱ्या वर्षी एक खाट आणली आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे, खाटेखाली शेगडी ठेवायची. पाऊस पडत राहिला आणि पापड वाळत राहिले. खाट आणि शेगडी, यात न समजण्यासारखं काहीही नाही. पण पडता महिना कोणता आणि तो नेमका कशामुळे पडतो हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून सोय सापडली. आणखी एक गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगले, एक जरा हलके आणि स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं की हलका माल करूच नका. विक्री मंदावली की पहिला मोह हलक्या मालाचाच होतो, आणि एकदा ते नाव पडलं की सुगीतही गिऱ्हाईक परत येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच नदीकाठचं. माणगंगा म्हसवडवरून वाहत आपल्याकडे येते आणि भीमेला मिळते. त्या म्हसवडला १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिचं मूळ एका लोहारकाम करणाऱ्या बाईच्या मागणीत आहे. रस्त्याकडेला राहणाऱ्या त्या बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला बँक तयार होईना. ती कर्ज मागत नव्हती, पडत्या महिन्यासाठी बचत करू मागत होती. पुढे बायकांची बँक काढायचं ठरलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांतल्या काही बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. दुष्काळी मुलखातल्या बाईला धंदा कळतो, हिशेबही कळतो. तिला हवी असते ती वाईट दिवसांपुरती पैशाची सोय.

आता मंगळवेढ्याकडे येतो, कारण इथे मला जास्त बोलायचं आहे.

आपल्या तालुक्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना खुली केली, ती गोष्ट आपल्या रक्तात आहे. कोठारं भरलेली होती कारण इथली ज्वारी टिकते. मालदांडीच्या मोत्यासारख्या दाण्याचं नाव महाराष्ट्रभर आहे आणि २०१६मध्ये मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. एवढं असूनही आपली बरीचशी ज्वारी आजही बिननावाच्या पोत्यात भरून बाहेर जाते. मानांकन मिळालं म्हणून भाव आपोआप वाढत नाही. ज्याला ते नाव पाकिटावर छापायचं आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि मग त्या नावाला साजेल असा माल वर्षभर द्यावा लागतो. हे काम शासन करणार नाही, ते कुणीतरी धंदा म्हणूनच करावं लागेल.

मग पहिला विचार येतो तो ज्वारीचं पीठ विकायचा. इथे थांबा. ज्वारीचा दाणा नीट वाळवला, पेवात किंवा कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तर टिकतो. पिठाचं तसं नाही. दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर त्याला हवा लागते आणि काही आठवड्यांत पीठ कडवट होऊ लागतं. त्याआधीच त्याची विरी जाते. थापताना भाकरीच्या कडा फाटतात. इथल्या कुठल्याही आजीला विचारा, पंधरा दिवसांपूर्वीचं दळण ती नाक मुरडून बाजूला ठेवते. तेव्हा पिठाची पाकिटं लांबच्या शहरातल्या दुकानांत महिना महिना पडून राहणार असतील तर तो धंदा पाकिटाबरोबरच खराब होत जातो. मात्र पुण्यात किंवा सोलापुरात पन्नास घरं ठरवून घेतली आणि दर आठवड्याला ताजं दळण पोचवलं, तर त्याच पिठाचा धंदा उभा राहतो.

टिकायचं काम भाकरीने केलं आहे. कडक भाकरी ही सोलापूर जिल्ह्याची मोठी हुशारी आहे असं मी मानतो. ती कशी होते ते तुम्हाला माहीत आहे, तरी धंद्याच्या नजरेने एकदा बघू. गव्हात असतो तसा ग्लुटेनचा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून पिठात आधणाचं पाणी घालतात. त्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा एकजीव होतो. मग तळहाताने रेटून रेटून मळायचं, काठवटीत फिरवत पातळ थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचं, शेकायचं. नेहमीची भाकरी इथे संपते. कडक भाकरी पुढे मंद आचेवर, आराच्या कडेला उभी करून आतलं पाणी पूर्ण जाईपर्यंत ठेवायची. वाजली पाहिजे. या शेवटच्या टप्प्यात कच राहिली तर चौथ्या दिवशी बुरशी, म्हणून मेहनतीचा आणि जळणाचा मोठा भाग तिथेच जातो.

आता हिशेब. आकडे मी समजण्यापुरते धरतो, तुम्ही आपल्या बाजारभावाचे घाला. समजा ज्वारी किलोला ५० रुपये. दळण ५, जळण ८, पिशवी आणि चिकटपट्टी ६. झाले ६९ रुपये. किलोभर पिठाच्या बारा भाकऱ्या. दुकानदाराला भाकरी ८ रुपयांना दिली तर ९६ रुपये आले. उरले २७. दिवसाला पाच किलो म्हणजे साठ भाकऱ्या केल्या तर १३५ रुपये. कंबर मोडेपर्यंत थापून १३५! आता तीच भाकरी १० रुपयांना गेली तर किलोमागे ५१ आणि दिवसाला २५५ रुपये. भाकरीमागे दोन रुपये वाढले आणि मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. तेव्हा यंत्र कुठलं घ्यावं हा प्रश्न मागचा आहे. पुढचा प्रश्न असा की भाकरी कोणाला विकली म्हणजे ते वरचे दोन रुपये मिळतात? दुकानदाराला की थेट खाणाऱ्याला, खानावळीला की हायवेवरच्या ढाब्याला? हे कळायला लाखाचं यंत्र लागत नाही. महिनाभर दहा-दहा भाकऱ्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी देऊन बघितल्या की कळतं. त्या महिन्यात जे पैसे जातील ती शिकायची फी समजावी.

आणि पडता महिना? कडक भाकरीचा शत्रू दमट हवा. आपल्याकडे पाऊस कमी, हवा कोरडी. ज्याला आपण आयुष्यभर नावं ठेवली तो कोरडेपणा या धंद्यात भांडवल ठरतो. कोकणात हा धंदा इतका सोपा गेला नसता. तरी आषाढ-श्रावणात भाकरी सादळतेच. आणि अडचण बघा कशी: पंचवीसेक किलोमीटरवर पंढरपूर. आषाढीला लाखो माणूस येणार, म्हणजे गिऱ्हाइकाचा महिना आणि सादळण्याचा महिना एकच. ज्याला हे आधी कळलं तो ज्येष्ठातल्या कोरड्या दिवसांत माल करून जाड पिशवीत हवाबंद करून ठेवतो. हाताने दाबायचं सील करायचं मशीन फार महाग नाही. ज्याला कळलं नाही तो नवमीला मऊ पडलेल्या भाकऱ्या घेऊन घाटावर उभा राहतो. वारीची गर्दी बघून धंदा टाकणाऱ्यांना आणखी एक सांगतो. एकादशीला वारकऱ्याचा उपास असतो, भाकरी चालत नाही. तुमचा दिवस दशमीचा आणि द्वादशीचा, आणि द्वादशीला माणूस परतीच्या वाटेला लागलेला असतो, म्हणजे त्याला हवी ती बांधून नेण्याजोगी भाकरी, सोबत शेंगाचटणीची पुडी. गर्दी मोजून पुरत नाही, गर्दीचा रिवाजही ठाऊक हवा.

दुसरी अडचण पैशाची. रोज पाच किलो, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे सव्वा क्विंटल. वर्षाला पंधरा क्विंटल. नवी ज्वारी फाल्गुन-चैत्रात बाजारात येते, तेव्हा ती घेऊन ठेवली नाही तर पुढे चढ्या भावाने किलो किलो घ्यावी लागते आणि वर मांडलेला हिशेब कोसळतो. ५० रुपये भावाने वर्षाची ज्वारी ७५ हजारांची झाली. म्हणजे या धंद्याला सगळ्यात मोठा पैसा लागतो तो फाल्गुनात आणि तो ज्वारीला. मी अनेक ठिकाणी उलटं बघतो. कर्ज काढून आधी यंत्र येतं, त्याची पूजा होते, फोटो निघतो, आणि ज्वारी घ्यायला पैसा उरत नाही म्हणून यंत्रावर कापड पडतं.

अनुदानाचंही यातच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २०२०मध्ये सुरू झाली, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं होतं. ते रोख हातात पडत नाही, कर्जखात्याशी बांधलेलं असतं. हप्ता मात्र आपल्यालाच भरायचा असतो. त्याच योजनेत बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यांसाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केलेली होती, तिच्याबद्दल फार कमी बायका विचारतात. आमच्या भाकरीच्या हिशेबात हे ४० हजार त्या १० लाखांपेक्षा मोलाचे आहेत. कृषी कार्यालयात चालू नियम विचारा, जरूर अर्ज करा. पण अनुदान आहे म्हणून धंदा निवडू नका; अनुदान यायला उशीर झाला तरी जो चालेल तोच निवडा.

ज्वारीला दाण्याइतकीच मोलाची दुसरी बाजू आहे ती कडब्याची, आणि इथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यांच्या कारखानदारीची सुरुवात झाली ती कडबा कापायच्या यंत्रापासून. लोखंडी नांगर त्यानंतरचा. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं हा काही पडता महिना नव्हे, दुष्काळच. पण नांगराला हात घालण्याआधी त्यांच्याकडे सायकलींचं काम होतं, कडबा कापायचं यंत्र होतं. नवा, अनोळखी माल घेऊन उतरायचं असेल तर जुना, ओळखीचा माल सोडू नये, हे त्यातून मी घेतलं. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर.

आपल्याकडे २०१९च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या होत्या, त्या तुम्ही विसरला नसाल. छावणीच्या वर्षी कडब्याची किंमत काय असते ते इथे कुणाला सांगायला नको. गावोगाव कुट्टी करून, गासड्या बांधून कडबा साठवणारा आणि दूधवाल्यांना बारमाही पुरवणारा धंदा कुणी नीट केला तर त्याचा पडता काळ बाकीच्या गावापेक्षा वेगळा असेल. गावाला वाईट वर्ष आलं की त्याला गिऱ्हाईक जास्त. मात्र अशा वर्षी अडलेल्याला नाडायची संधीही असते, आणि दामाजींच्या गावात ती कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल की आम्हाला ज्वारीतलं काही करायचंच नाही. हरकत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई बांधवांकडे बघा. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिलेली ही माणसं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा घेऊन तमिळनाडू, केरळ, दिल्लीपर्यंत पसरली. गावात ना सोन्याची खाण, ना पेढी. मग हा धंदा निवडला कसा? मुलगा शाळा सुटली की मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जायचा. भट्टीपाशी बसायचा, आम्ल कसं हाताळायचं ते शिकायचा, परक्या मुलखाची भाषा शिकायचा, दुकानदारांचा विश्वास मिळवायचा. मंदीचे दिवस त्याने दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या पैशावर बघितलेले असायचे. स्वतःचं दुकान त्यानंतर. आपल्याकडे उमेदवारी करायला आता मुलांना कमीपणा वाटतो. बेकरी काढायची आहे ना, मग वर्षभर बेकरीत काम करा, आणि ते वर्ष असं निवडा की पितृपंधरवडाही बघायला मिळेल आणि दिवाळीही. पदवी झालेल्या मुलाने पीठ मळायला कमीपणा मानू नये.

कामात कमीपणा न मानण्याचा धडा तर इथलाच आहे. या गावात बसवेश्वरांचं वास्तव्य झालं. बिज्जल राजाची राजधानी इथे होती. बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांची नावं आठवा: मडिवाळ माचय्या धोबी, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोरखंड वळणारा. त्यांच्या नावातच त्यांचं काम आहे आणि त्या कामाला त्यांनी पूजेइतका मान दिला. बाराव्या शतकात ज्या भूमीने दोर वळणाऱ्याला ज्ञान्यांच्या पंगतीत बसवलं, तिथे आज 'नोकरी नाही म्हणून धंदा करतोय' असं मुलाने मान खाली घालून सांगावं, हे मला सहन होत नाही.

आता एक विनंती करून थांबतो. या सभागृहात बाजारपेठेत तीस-चाळीस वर्षं काढलेली माणसं बसली आहेत. किराणा, भुसार, शिलाई, चहा, शेतीची औषधं, घोंगड्या. त्यांच्या डोक्यात जो हिशेब आहे तो कुठल्या पुस्तकात नाही. दिवाळी पाडव्याला आपण नव्या वहीची पूजा करतो. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी या माणसांनी जुन्या वह्या मनात उघडून नव्या मुलामुलींशी बोलावं असं मी संयोजकांना सुचवलं आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. नफा कुणी विचारणार नाही. बारा महिन्यांत विक्री कशी चढली-उतरली, उधारी किती थकली, आणि कोणत्या महिन्यात घरातले पैसे दुकानात घालावे लागले, एवढंच सांगायचं आहे. ज्यांना सांगायचं आहे त्यांनी जाण्यापूर्वी संयोजकांकडे नाव द्यावं. आणि ज्या बायका घरून भाकरी, चटणी, पापड विकतात, त्यांनी आपलं नाव आधी द्यावं.